‘आपलं पुन्हा स्वागत आहे’ म्हणणाऱ्यांनो

आज सकाळी सासूबाईंच्या टॅबवर संकष्टीचा चंद्रोदय बघायला एक वेबसाइट उघडली, तर अर्धा स्क्रीन झाकून पाटी आली. ‘आम्ही तुमच्या खासगीपणाचा आदर करतो.’ खाली हिरवंगार बटण, ‘सर्व स्वीकारा’. नको असेल तर फिकट अक्षरांत ‘पर्याय’, आणि त्यात शिरलं की ‘भागीदारां’ची न संपणारी यादी. डोकंच फिरलं माझं. आदर? तुमच्या या आदरापायी दिवाळीनंतर आमच्या घरात काय झालं ते लिहूनच टाकते. (नणंदेला विचारलंय. ‘बिनधास्त लिही’ म्हणाली.)

भाऊबीजेला ती आली होती. फोनचं चार्जिंग संपलं म्हणून रात्री हा टॅब घेतला, आयव्हीएफबद्दल वाचलं, एक-दोन सेंटरच्या साइट पाहिल्या. लॉगिन नाही, नाव नाही, नंबर नाही. उठताना हिस्टरीतल्या त्या ओळीसुद्धा पुसल्या. हुशार आहे ती. पण ओळी पुसल्या म्हणून कुकी जात नाही. त्या साइटने आणि तिच्यात बसलेल्या जाहिरातवाल्यांनी ब्राउझरमध्ये आपापला एक लांबलचक क्रमांक ठेवलेला असतो, तीच ही कुकी. त्याच जाहिरातवाल्याची जाहिरात असलेलं दुसरं कुठलंही पान उघडा, ब्राउझर तो क्रमांक मुकाट्याने त्याच्या हवाली करतो. क्रोमने कुकीला ४०० दिवसांची कमाल मुदत घातलीय म्हणे. पण तुम्ही परत फिरकलात की ती पुन्हा पहिल्यापासून मोजता येते!

मग काय, सासूबाईंना पंचांगाखाली हसरं बाळ, अनारशांच्या कृतीच्या मध्ये हसरं बाळ. ‘अपत्यसुखाची वाट पाहताय?’ आधी त्यांना वाटलं मीच काहीतरी शोधतेय. पानात वाढताना माझ्याकडे अशा काही बघायच्या! नंतर त्यांना उलगडा झाला आणि त्यांनी काळजीपोटी थेट विहीणबाईंना फोन लावला. तिकडे नवरा-बायकोने कुणालाच काही सांगितलं नव्हतं. पुढचं लिहीत नाही.

सासूबाईंवर मी तेव्हा चिडले होते. आता नाही. लेकीची काळजी वाटणं हा काय गुन्हा आहे? गोष्ट लेकीने सांगायची होती, ती तिच्याआधी एका जाहिरातीने सांगितली.

हो, कुकीशिवाय लॉगिन टिकत नाही, खरेदीची टोपली रिकामी होते, कळतं मला. १९९४ साली नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीतल्या लू मॉन्टुलीने ती काढली तीच अशा सोयीसाठी. उलट प्रत्येक ब्राउझरला एकच कायमचा क्रमांक द्यायची कल्पना त्याने मुद्दाम टाळली होती, कारण मग माणसाच्या मागे साइटोसाइटी फिरता आलं असतं. आणि आज? अँड्रॉइड फोनमध्ये, टॅबमध्ये खास जाहिरातींसाठी एक आयडी आधीपासूनच बसवलेला असतो. अ‍ॅपवाल्यांची सोय. कुकी पुसल्या तरी स्क्रीनचा आकार, फॉन्ट, टाइमझोन असलं काहीबाही जुळवूनही ओळखतात.

पण ओळखतात कुणाला? टॅबला! आमच्या टॅबवर सासूबाईंचं पंचांग, लेकाचं कार्टून, माझी वीजबिलं आणि सणावाराला येणारे पाहुणे. एक यंत्र म्हणजे एक माणूस, हा हिशोब ज्यांनी मांडला त्यांच्या घरी जो-तो आपापल्या खोलीत आपापला फोन घेऊन बसत असेल. तिकडे भांडण कंपनी विरुद्ध माणूस एवढंच. माझी नणंद कुठल्या कंपनीला घाबरत नव्हती हो. तिला घरच्यांपासून थोडे दिवस हवे होते.

२०२३ साली आपल्याकडे विदासंरक्षणाचा (म्हणजे डेटा जपण्याचा) कायदा झाला, त्यात संमती मुक्त आणि सुस्पष्ट हवी असं लिहिलंय. छान. आता सांगा, इथे संमती कुणी दिली? चंद्रोदय दिसत नाही म्हणून सासूबाईंनी हिरवं बटण दाबलं, आणि पकडली गेली नणंद. फ्रान्समध्ये निदान २०२२ च्या जानेवारीत गूगलला १५ कोटी युरोचा दंड झाला, नकार देणं होकाराइतकं सोपं ठेवलं नाही म्हणून. फेसबुकलाही ६ कोटी. (हो, हे मी फेसबुकवरच लिहितेय. माहितेय.)

पंचांग फुकट हवं तर जाहिराती आल्याच, हेही ठीक. तिथे तुपाची दाखवा, साड्यांची दाखवा, पानावर पंचांग आहे तर उदबत्तीची दाखवा ना!

आज दुपारी बसून टॅबमधला जाहिरातींचा आयडी डिलीट केला, क्रोममध्ये थर्ड पार्टी कुकी (साइटच्या नव्हे, तिच्यात बसलेल्या जाहिरातवाल्यांसारख्या तिऱ्हाइतांच्या) बंद केल्या आणि पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट खातं केलं. सेटिंगमध्ये सापडतं, थोडं हुडकावं लागतं. अडलं तर मेसेज करा.

आणि ‘लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरायचं कशाला’ असं खाली लिहायला येणाऱ्यांनी आधी आपला फोन आठवडाभर स्वतःच्या सासूबाईंकडे ठेवावा. मग बोलू.