गेलेलं वजन परत कसं आणावं

दिवाळीच्या फराळाचे डबे घासून पालथे पडले की मुंबईत वजन उतरवण्याचा हंगाम लागतो. शिवाजी पार्काच्या कट्ट्याभोवती कोरे करकरीत बूट फिरू लागतात, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दुधीच्या रसाचे फोटो येतात, आणि वर्षाची फी एकरकमी भरणाऱ्याला जिमवाले सूट देतात. पुढचे अकरा महिने तो फिरकणार नाही हे त्यांना ठाऊक असतं. वजन उतरवायचं कसं हे सांगणारे पैशाला पासरी मिळतील. उतरवलेलं व्याजासकट परत कसं आणायचं, हे मात्र कुणी धड सांगत नाही. लोक आपापल्या अकलेने आणतात, पण त्यात उगाच वेळ जातो. म्हणून हा प्रपंच.

सुरुवात जोरदार हवी. रोज थोडं चालणं, ताटात भाजी जरा जास्त नि भात जरा कमी, असल्या मिळमिळीत गोष्टींच्या नादी लागू नका; त्या वर्षानुवर्षं निभतात. थेट बाराशे कॅलरींचा तक्ता फ्रिजवर चिकटवा. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीझ यांनी ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने रोज पंधराशे-सोळाशे कॅलरींवर ठेवलं होतं. त्याला त्यांनी सरळ उपासमार म्हटलं. ती पोरं पाककृतींची पुस्तकं वाचत बसायची, ताटं चाटायची, खाण्याशिवाय दुसरा विषय नाही. प्रयोग संपल्यावर पोट फुटेस्तोवर जेवूनही कित्येकांची भूक भागेना. आपण त्याहून खालच्या आकड्याला ‘प्लॅन’ म्हणतो आणि वर पैसे मोजतो. पहिल्या आठवड्यात काटा दोन-तीन किलोंनी खाली येईल. त्यातलं बरंचसं नुसतं पाणी असतं, पण ते मनावर घेऊ नका. पेढे वाटा.

पेढ्यांवरून आठवलं. ऑफिसात कुणाला तरी बढती मिळते, पेढ्यांचं खोकं फिरत फिरत तुमच्या टेबलापाशी येतं आणि तुम्ही एक उचलता. इथून दोन वाटा फुटतात. पेढा होता, बरा होता, संध्याकाळी नेहमीसारखं जेवू, ही पहिली. ती धोक्याची; तिने गेलात तर वजन परत यायचं नावच घेणार नाही. दुसरी वाट म्हणजे ‘गेलं! मोडलं डाएट!’ मोडलंच आहे तर दुसरा पेढा घ्या, शेजारच्या टेबलावरची भाकरवडी घ्या, स्टेशनबाहेर वडापाव घ्या आणि घरी पावभाजीचा बेत सांगून ठेवा. नवं डाएट सोमवारी सुरू होतं, हा मुंबईतला अलिखित नियम आहे. त्यामुळे पेढा शक्यतो मंगळवारी खावा, मोकळे पाच दिवस हाताशी राहतात. हे माझं मत नव्हे. १९७५ सालच्या एका प्रयोगात डाएट करणाऱ्यांना आधी मिल्कशेक पाजलं, तर त्यांनी पुढ्यातलं आइस्क्रीम कमी खायचं सोडून उलट जास्त खाल्लं होतं.

मात्र खाण्याइतकाच नंतरचा उद्धार महत्त्वाचा. रात्री आडवं पडल्यावर स्वतःला झाडायचं: तुला जिभेवर ताबाच नाही, तुझ्याच्याने काही होणार नाही, त्या तमक्याकडे बघ. हेच शब्द मैत्रिणीला किंवा लेकाला ऐकवायला आपली जीभ रेटणार नाही, पण स्वतःला बोलायला काय जातं? २००७ मध्ये क्लेअर अ‍ॅडम्स आणि मार्क लिअरी या मानसशास्त्रज्ञांनी मुलींना डोनट खायला घातले आणि त्यातल्या काहींना एवढंच सांगितलं, की असं सगळ्यांचंच होतं, फार लावून घेऊ नका. त्यानंतर समोर आलेल्या गोळ्या-चॉकलेटांवर या मुलींपैकी डाएटवाल्यांनी बेताने हात मारला. ज्यांना कुणी असं काही बोललं नव्हतं, त्या डाएटवाल्यांनी जास्त मारला. तेव्हा स्वतःशी गोड बोलणं कटाक्षाने टाळा.

आता झोप. आठ तास झोपणारा माणूस मुंबईत एक तर निवृत्त असतो, नाहीतर नुकताच बदली होऊन आलेला. पाणी पहाटे साडेचारला येतं, डोंबिवलीहून बसायला मिळेल अशी लोकल गाठायची तर डबे सहाच्या आत भरावे लागतात, आणि रात्री अकरानंतरचा तास तेवढा आपला असतो, म्हणून तो रील्स बघण्यात घालवायचा. हा क्रम बिघडू देऊ नका. शिकागो विद्यापीठात २००४ साली बारा तरुणांना दोन रात्री चार-चार तासच झोपू दिलं. पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन नावाचं हार्मोन १८ टक्क्यांनी घटलं, भूक लावणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं, आणि गोड, खारट, पिठूळ खाण्यावर मन गेलं. दुपारी चारला फरसाणाच्या पुडीकडे जाणारा हात असा आदल्या रात्रीच निघालेला असतो. खापर मात्र इच्छाशक्तीवर फोडावं, तशी पद्धत आहे. तिथेच २०१० साली आणखी एक गंमत दिसली. तेच लोक, तेच मोजून दिलेलं खाणं; साडेआठ तासांऐवजी साडेपाच तास झोपायला दिले, तर काटा साधारण तेवढाच उतरला, पण चरबी ५५ टक्क्यांनी कमी गेली. गेले ते स्नायू. काट्याला त्यातलं काही कळत नाही.

पुढचं खास घरातल्या बायकांसाठी; पुरुषमंडळींनी चहा येईपर्यंत पेपर वाचावा. बाई, तुमचा नंबर शेवटी. सासूबाईंच्या गोळ्या सोमवार ते रविवार अशा खणांत लावून झाल्या, ह्यांच्या बीपीची तारीख घेऊन झाली, धाकट्याचा क्लास झाला, की मग स्वतःची थायरॉइडची चाचणी. तोवर लॅब बंद होते. सकाळी पोळी न खाता निघायचं. रात्री सगळ्यांची जेवणं आटोपल्यावर ओट्यापाशी उभं राहून लेकाच्या ताटातला तूप-वरणभात, कढईच्या कडेचा बटाटा, आणि उद्या कोण खाणार म्हणून दीड वाटी शिरा संपवायचा. हे कॅलरी मोजायच्या अ‍ॅपमध्ये लिहू नये, कारण ते जेवण नव्हे, आवराआवर आहे. अर्धा तास बागेत चालून येते म्हणालात, तर घरात कुणी नाही म्हणत नाही. फक्त विचारतात, ‘कुकर लावून जातेस ना?’

वजनकाटा मात्र घ्या आणि दिवसातून चारदा त्यावर उभे राहा. पूर्वी स्टेशनवरच्या काट्यात नाणं टाकलं की पुठ्ठ्याचं तिकीट पडायचं. त्यावर वजनाच्या जोडीला भविष्यही असायचं. घरचा काटा तिकीट देत नाही, तरी भविष्य त्याच्यावरूनच ठरवायचं. मीठ, पाणी, पाळी, रात्रीचं उशिराचं जेवण, कशानेही तो किलोभर हलतो. खाली गेला तर बक्षीस म्हणून जिलेबी, वर गेला तर दुःखापोटी जिलेबी.

नातेवाईक हाताशी आहेतच. लग्नाच्या हॉलमध्ये एखादी मावशी ‘काय गं, मानवलंय हं!’ म्हणेल आणि पुढच्याच क्षणी पानात तिसरा गुलाबजाम वाढून, नको म्हणाल तर रुसेल. तिचं मन मोडू नये.

एका प्रकारच्या माणसापासून मात्र जपून राहा. प्रत्येक इमारतीत असा एखादा काका सापडतो, की ज्यांनी कधीतरी दहा-पंधरा किलो उतरवले ते परत आणलेलेच नाहीत. स्टेशनला चालत जातात, साडेदहाला दिवा मालवतात, संकष्टीला एक मोदक मिटक्या मारत खातात आणि त्यावर भाषण देत नाहीत. आठ दिवस तापाने चालणं चुकलं, तर नवव्या दिवशी काही न झाल्यासारखे पुन्हा निघतात. गुपित विचारलंत तर म्हणतील, ‘विशेष काही नाही हो.’ असल्या माणसाशी वाद घालू नये. ‘तुमचं काय काका, तुमची प्रकृतीच तशी,’ म्हणावं आणि रिक्षाला हात करावा. स्टेशन चांगलं दहा मिनिटांवर आहे.