आत्ती, खोलीला कडी लावू नको

काल रात्री साडेदहाला आत्तीचा फोन. "अरं, खोलीला भायरनं कडी लावू काय? तीन दिवसांत दारू सुटतीय म्हणं." तिच्या थोरल्याचं आम्हा सगळ्यांना माहीत आहे. सकाळी उठल्या उठल्या घोटभर पोटात गेल्याशिवाय त्याच्या हातात कपबशी ठरत नाही. हे 'म्हणं' कुठून आलं ते शोधलं, तर आमच्याच घरच्या ग्रुपवर! 'कोल्हापूरकरांनो, दारू सोडवायला त्या मीटिंगांच्या नादी लागू नका' असा मथळा, खाली सात मुद्दे आणि शेवटी जोडलेले चार हात. मीटिंगा म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, दारू सोडू पाहणारी माणसं एकमेकांना आधार द्यायला जमतात त्या. मामांनी पाठवलाय. मामांना तालमीच्या ग्रुपवरून आला.

आधी कडीचंच बोलतो. मेसेज म्हणतो, 'तीन दिवस कोंडा, थेंब देऊ नका. बडबडला, भास झाले तर घाबरू नका, नशा उतरत असते.' हे लिहिणाऱ्याला माझ्यासमोर उभा करा कुणीतरी. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली की काही तासांतच हातपाय थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना जे होतं त्याला डॉक्टर 'डिलिरियम ट्रेमेन्स' म्हणतात. भिंतीवर किडे दिसतात, माणूस घरच्यांना ओळखत नाही, ताप चढतो, छाती धडधडते. उपचार मिळाले नाहीत तर जीव जातो. म्हणजे ज्या तीन दिवसांत माणूस डॉक्टरच्या नजरेखाली हवा, नेमके तेच तीन दिवस त्याला कुलपात ठेवायला सांगतायत. भास म्हणजे नशा उतरणं नव्हे, रिक्षा बोलावून दवाखाना गाठायची ती वेळ. तिथं झटके येऊ नयेत म्हणून औषध देतात, बी-वन जीवनसत्त्व देतात, लक्ष ठेवतात. सीपीआर हा सरकारी दवाखाना आपल्या शहरातच आहे, आत्ती, दिल्लीला नाही.

चहातून गुपचूप घालायची पावडर. ती कशाची, हे मेसेजमध्ये नाही. डायसल्फिरम ही दारू सोडवायची गोळी कुटलेली असेल तर त्यावर दारू पोटात गेल्यावर उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, हृदयावर बेततं. ती गोळी माणसाला सांगूनसवरून, डॉक्टरच्या देखरेखीखालीच द्यायची असते. पुढं.

'मीटिंगवाले पैसे उकळतात.' मी एकदा अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या खुल्या मीटिंगला गेलो होतो. खुली म्हणजे घरच्यांनाही बसता येतं अशी. बंद मीटिंग फक्त पिण्याचा त्रास असणाऱ्यांची. शेवटी पिशवी फिरली, मी पन्नासची नोट टाकायला गेलो तर शेजारच्यानं हात धरला. "तुम्ही मेंबर नाही, पावणं. ठेवा खिशात." बाहेरच्याची देणगी न घेणं हा त्यांचा नियमच आहे. प्रवेश फी नाही, वर्गणी नाही. दारू सोडायची इच्छा, एवढीच अट.

'हा धर्मांतराचा डाव आहे.' अर्धं खरं सांगून टाकतो, म्हणजे मामा खूश. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघंही पिणारे, एकमेकांच्या आधारानं थांबले. तिथून हे सुरू झालं, आणि मूळ एका ख्रिस्ती मंडळींच्या गटात आहे. दारू सोडायच्या त्यांच्या ठरलेल्या पायऱ्यांमध्ये देवाचं नावही येतं. पण 'आम्हाला जसा समजला तसा' असं म्हणून. मी गेलो त्या दिवशी माझ्या शेजारचा अंबाबाईचं नाव घेत होता आणि त्याच्या पलीकडचा देवच मानत नव्हता. कुणी कुणाला अडवलं नाही.

'तिथं जाऊन कुणी सुधारत नाही.' २०२० साली वैद्यकीय अभ्यास तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेचा आढावा आला: २७ अभ्यास, १०,५६५ माणसं. अल्कोहोलिक्स अनॉनिमसशी पद्धतशीर जोडून दिलेल्यांपैकी वर्षानंतर पूर्ण कोरडे राहिलेले सुमारे ४२ टक्के, इतर प्रस्थापित उपचारांत ३५. माणसं कोल्हापूरची नव्हती हे मान्य. शंभरातले निम्म्याहून जास्त वर्षभर कोरडे राहिले नाहीत हेही मान्य. पण सात दिवसांत हमखास म्हणणाऱ्या पावडरवाल्याकडं कुठला आकडा आहे?

राहिलं 'पत्ताच सापडत नाही'. हे मात्र खरं आहे, आणि मला त्याचा रागही आहे. बाहेर बोर्ड नाही. जुन्या यादीतल्या पत्त्यावर गेलो तर शाळेचा शिपाई म्हणाला, ते कधीच हलले. पंधरा मिनिटं फाटकाबाहेर उभा होतो. म्हणून आधी फोन करायचा, वार आणि वेळ विचारायची, खुली की बंद तेही. त्यांच्या हेल्पलाइनवर तिथलाच कुणीतरी मेंबर उचलतो. नाहीतर सरकारची नशामुक्तीची १४४४६ आहे. मानसोपचाराच्या ओपीडीतही विचारायचं. पहिल्या मीटिंगला काही बोलावं लागत नाही. नुसतं बसलं तरी चालतं. नावाची नोंदवही नसते, त्यामुळं 'पेठेत बोभाटा होईल' हा सातवा मुद्दाही तिथंच संपला. पेठेला तसंही सगळं माहीत आहे, आत्ती.

उद्या सकाळी नऊला येतो. आधी सीपीआरची ओपीडी, मीटिंगचं त्यानंतर. तोवर त्याला एकटा ठेवू नको, आणि कडी आतूनही लावू देऊ नको.