वाराणसीची मिरवणूक, मुंबईचं मतदान: एका प्रतिक्रियेला उत्तर

निवडणूक एका नेत्याभोवती फिरते ती माध्यमांमुळे, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया झोंबली, हे आधी कबूल करतो. तुम्ही लिहिलंत, 'माध्यमं फक्त आरसा धरतात. 1971 ला वाहिन्या कुठे होत्या? तरी निवडणूक इंदिराबाईंभोवतीच फिरली ना?'

फिरली. मुंबई दूरदर्शन सुरूच झालं 2 ऑक्टोबर 1972 ला. बाईंनी 352 जागा त्याआधीच, मार्च 1971 मध्ये पदरात पाडून घेतल्या होत्या. 'माध्यमांनीच नेता घडवला' हे त्या लेखातलं माझं वाक्य सैल होतं, मागे घेतो. नुसत्या जाहिरातींवर निवडणूक जिंकता आली असती तर 2004 ला 'इंडिया शायनिंग'वाला भाजप 138 जागांवर अडकला नसता.

पण आरसा म्हणाल तर नाही पटत. समोर काय ठेवायचं ते वाहिनी निवडते, आणि त्यात विचारसरणीइतकाच खिशाचाही प्रश्न असतो. 543 मतदारसंघांत बातमीदार, कॅमेरा, गाडी धाडायची तर दिवाळं निघेल. मोठ्या नेत्याच्या सभेचं चित्रण मात्र अनेकदा पक्षच करतो, क्रेनवर कॅमेरे चढवून, आणि तयार फीड फुकट देतो. गर्दी कुठून अफाट दिसेल हेही त्यांचाच माणूस ठरवणार. वाहिनीने 'थेट' अशी पट्टी लावायची, की तासाभराची सोय झाली.

24 एप्रिल 2014 आठवा. मुंबईत मतदान, प्रचार कायद्याने 48 तास आधीच बंद. मी मत देऊन घरी आलो, टीव्ही लावला, तर मोदींची वाराणसीत अर्ज भरायला निघालेली मिरवणूक चालू! तिथे मतदान 12 मे ला, म्हणजे नियम कुणी मोडला असंही म्हणता येईना. इकडे केंद्रांवर अजून मतदान सुरूच. माझ्या मतदारसंघातल्या एकाही उमेदवाराला त्या महिन्यात पाच मिनिटं सलग बोलताना मी टीव्हीवर पाहिलं नव्हतं.

1971 ची लाटही गावात पोचायची ती स्थानिक उमेदवाराच्या जीपमधून, भोंग्यातून, भिंतीवर रंगवलेल्या गाय-वासरातून, म्हणजे बाईंच्या काँग्रेसच्या तेव्हाच्या चिन्हातून. तो माणूस निदान दिसायचा तरी. 'अबकी बार मोदी सरकार'मध्ये उमेदवार सोडाच, पक्षाचंही नाव नाही.

लोकांना नेता लागतो, मान्य. 2014 ला तुमच्या मतदारसंघात दुसऱ्या क्रमांकावर कोण होतं, हे मोबाईल न उघडता सांगा. पुढचा लेख तुमच्या बाजूने लिहितो.