उंब्रजला एकमेकांना हात करणारे टेम्पो

शेठला भूगोल येतो, हीच फरसाणाच्या धंद्यातली माझी खरी अडचण आहे.

"साताऱ्याहून कराड पन्नास किलोमीटर. जवळचं दुकान सोडून माल लांब कशाला पाठवायचा?" हा शेठचा प्रश्न ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो. प्रश्न चुकीचा नाही हो, अर्धा आहे.

समजा, कारखाने दोन, सातारा आणि सांगली. रोज प्रत्येकी १०० क्रेट माल. दुकानंही दोन, कराड आणि पुणे, मागणी १००-१०० क्रेट. क्रेटमागे भाडं धरा: सातारा-कराड ५ रुपये, सातारा-पुणे ११, सांगली-कराड ८, सांगली-पुणे २४. शेठ ५ रुपयांवर झडप घालतात. साताऱ्याचा माल तिथेच संपतो आणि पुण्याची भूक सांगलीच्या गळ्यात पडते. एकूण २,९०० रुपये! सांगलीचा टेम्पो कराड ओलांडून पुण्याकडे निघतो आणि उंब्रजच्या आसपास साताऱ्याहून कराडला चाललेल्या आपल्याच टेम्पोला हात करतो. दोन्हींत तीच शेव, आणि तासवड्याचा टोल दोघांनाही.

कुठला माल कुठे पाठवला की एकूण भाडं कमी पडेल, हे ठरवायला वोगेलची पद्धत आहे. हे चार दर कोष्टकात मांडायचे, आडव्या ओळींत कारखाने, उभ्या ओळींत दुकानं. प्रत्येक आडव्या-उभ्या ओळीतलं सगळ्यांत कमी भाडं आणि त्याच्या वरचं भाडं, यांतला फरक काढायचा. हा झाला दंड, म्हणजे स्वस्त वाट हुकली तर क्रेटमागे बसणारा फटका. सातारा ६, सांगली १६, कराड ३, पुणे १३. ज्याचा दंड मोठा, त्याला आधी स्वस्त वाट द्यायची. म्हणजे सांगलीचा माल कराडला, साताऱ्याचा पुण्याला. खर्च १,९०० रुपये. यालाच शेठ "उलटा कारभार" म्हणतात.

याहून स्वस्त वाटणी नाही ना, हे तपासायला बसलं की नवीन भानगड. दोन कारखाने अधिक दोन दुकानं वजा एक, म्हणजे कोष्टकात तीन घरं भरलेली हवीत. आपली दोनच. मग सातारा-कराडच्या घरात शून्य क्रेट मानाने बसवायचे. "शून्य क्रेट पाठवायचे म्हणजे टेम्पो लावायचा का?" नाही, शेठ. ते शून्य असलं की रिकामं राहिलेलं सांगली-पुणे घर तपासता येतं: तिथून माल पाठवला तर क्रेटमागे १० रुपये जादा. विषय संपला. मागणीपेक्षा माल जास्त असेल तर उरलेल्या मालासाठी कोष्टकात शून्य भाड्याचं एक खोटं दुकानही मांडावं लागतं; ते मी शेठना अजून सांगितलेलं नाही.

एक्सेलमधलं सॉल्व्हर नावाचं साधन हे सगळं गणित चुटकीसरशी करतं. पण टेम्पोवाल्याला क्रेटचा दर मान्य नसतो, तो खेपेचे पैसे घेतो. ४० क्रेट न्या की १००, भाडं तेच, परतीची रिकामी खेप त्याने त्यातच धरलेली आणि हमाली वेगळी. म्हणून कोष्टकात टाकायचा दर काढताना खेपेचं भाडं टेम्पोत प्रत्यक्ष मावणाऱ्या क्रेटनी भागायचं, किलोने नाही. चिवड्याचं वजन भरायच्या आधीच हौदा भरतो.