घरचाच कुत्रा चावला, मग इंजेक्शन कशाला?

'श्वानपालकांसाठी सहा अनुभवसिद्ध घरगुती उपाय' नावाचा मेसेज सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. घोड्याला, गाईबैलांनाही हेच उपाय चालतात, अशी शेवटी पुस्ती जोडलेली. असले मेसेज मी एरवी न वाचता पुसते. पण गावाकडे मावसभावाच्या मुलीच्या पोटरीला घरच्याच पिल्लाचा दात लागला, आणि वहिनीने यातला पहिला उपाय वाचून जखमेत चुना आणि मिरचीपूड भरली. पोर रात्रभर तळमळत होती, आणि दवाखान्यात न्यायला दुसऱ्या दिवसाची दुपार उजाडली. तेव्हा आता मुद्द्याला मुद्दा.

पहिला उपाय असा: "घरचा कुत्रा चावला तर घाबरू नये. चुना-तिखट लावावं, विष उतरतं. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवावी. तो मेला तरच इंजेक्शनं घ्यावीत, उगाच पोटात चौदा सुया कशाला?"

चार वाक्यांत इतकं घातक काही मी क्वचितच वाचलं असेल. रेबीजचा विषाणू पिसाळलेल्या जनावराच्या लाळेत असतो. जखमेतून तो नसांमध्ये शिरतो आणि नसांवाटे मेंदूकडे सरकतो. एकदा लक्षणं दिसली की माणूस वाचत नाही, असंच जवळजवळ नेहमी घडतं. म्हणून जे करायचं ते त्याआधी. नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबण लावून जखम पंधरा मिनिटं धुवायची. या विषाणूवर स्निग्ध आवरण असतं, ते साबणाने फुटतं. तिखट-चुन्याने उलट जखम चिघळते. रेबीज प्रतिबंधाच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना केंद्र सरकारने काढलेल्या आहेत. जखमेवर माती, मिरची, तेल, असलं जळजळणारं काहीही लावू नका, असं त्यांत स्पष्ट सांगितलंय. ज्यांना माझ्यावर विश्वास ठेवायचा नाही त्यांनी त्या वाचाव्यात.

'दहा दिवस नजर ठेवा' यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करते. चावलेला कुत्रा दहा दिवस ठणठणीत राहिला, तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असं मानतात. पण त्याच सूचना सांगतात की लस पहिल्याच दिवशी सुरू करायची. कुत्रा दहा दिवसांनी धडधाकट असेल तर पुढचे डोस थांबवायचे की नाही, ते डॉक्टर ठरवतील. मेसेजने हा क्रमच उलटा करून टाकलाय.

आणि त्या चौदा सुया! ती जुनी लस भारतात 2005 पासून बंद आहे. आता सरकारी रुग्णालयात लस दंडात देतात, कातडीत टोचायची असेल तर 0 (म्हणजे पहिल्या डोसचा दिवस), 3, 7 आणि 28 व्या दिवशी. जखमेतून रक्त आलं असेल तर जखमेत आणि तिच्याभोवती इम्युनोग्लोब्युलिनही (विषाणूशी लढणारी तयार प्रतिपिंडं) द्यावं लागतं, कारण लसीचा असर व्हायला वेळ लागतो. ते स्वतःहून मागा, संकोचू नका.

"आमच्याकडे आजोबांपासून चुनाच लावतात, कुणाला काही झालं नाही." हे वहिनीचं वाक्य, आणि हजारो घरांतलं. चावणारे बहुतेक कुत्रे पिसाळलेले नसतातच, म्हणून काही होत नाही. ज्याच्या नशिबी पिसाळलेला येतो त्याला आजार बहुधा महिन्या-दोन महिन्यांनी, कधी त्याहून उशिरा दिसतो. तोवर चुन्याने गुण आला असं सगळ्या आळीला सांगून झालेलं असतं.

घोड्याची पुस्ती तर अज्ञानाचा कळस आहे. पिसाळलेला कुत्रा चावला तर घोड्याला आणि गाईलाही रेबीज होतो. जनावराला गिळता येत नाही, तोंडातून लाळ गळते. घशात काहीतरी अडकलंय असं वाटून मालक कोपरापर्यंत हात आत घालतो. असा हात घालून झाला असेल तर तो साबणाने धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

बाकीचे मुद्दे फार वेळ देण्याच्या लायकीचे नाहीत. नाक कोरडं म्हणजे ताप? झोपून उठलेल्या कुत्र्याचं नाक कोरडंच असतं. अंग गरम लागलं की माणसाची तापाची गोळी द्या म्हणे. कुत्र्याचं नेहमीचं तापमानच 101-102 फॅरनहाइट असतं, आपल्या हाताला ते गरम लागणारच. पॅरासिटामॉलने त्याचं यकृत बिघडू शकतं, आयबुप्रोफेनने पोटात अल्सर होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. गोचिडांवर लसूण खाऊ घाला, हे आणखी वाईट. लसूण-कांद्याने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात, आणि गोचिडांमुळे होणाऱ्या बबेसियोसिसमध्येही त्याच फुटतात. खरजेवर गाडीचं जळकं ऑइल लावलं तर कुत्रा ते चाटणारच, पोटात जाणारच.

राहिला पोट बिघडल्यावरचा दहीभात. मोठ्या कुत्र्याचं पोट थोडं बिघडलं, बाकी तो खेळतोय, तर एक-दोन वेळा खुशाल द्या. पण लस न झालेलं पिल्लू ओकत असेल आणि शी रक्ताळ, घाण वासाची होत असेल, तर तो पार्व्हो हा विषाणूचा आजार असू शकतो. तिथे सलाईन लागतं, आणि तेही त्याच दिवशी.