आतल्या राज्याच्या नकाशाबद्दल खुलासा

आमच्या डिचोलीच्या शाळेतल्या मुलांनी भूगोलाच्या प्रकल्पासाठी एक काल्पनिक देश रचला. त्यातल्या एका राज्याला समुद्रकिनारा नाही. गेले दोन दिवस पालकांच्या ग्रुपवर मजकूर फिरतो आहे, की किनारा नाही म्हणजे बंदर नाही, मीठ नाही. असे राज्य चालूच शकत नाही आणि शिक्षकांनी चूक तपासली नाही.

नकाशा मी तपासला आहे. त्यात चूक नाही.

भारताच्या २८ राज्यांपैकी फक्त ९ राज्यांना किनारा आहे; उरलेली १९ आतली. मध्य प्रदेश, तेलंगणा ही त्यांतलीच. देशालाच समुद्र नसेल तर शेजारी देशाकडून वाट मागावी लागते; देशातल्या राज्याचे तसे नसते. आपल्या संविधानाचा अनुच्छेद ३०१ देशभर व्यापार मुक्त ठेवतो. मिठाचे म्हणाल तर राजस्थानला किनारा नाही, तरी सांभर सरोवराचे मीठ प्रसिद्ध आहे. आपल्याला पेडण्या-आगरवाड्याची मिठागरे डोळ्यांसमोर असतात, म्हणून मीठ समुद्राचेच असे वाटत असावे.

आणि आपला डिचोली तालुका तरी कुठे समुद्राला लागून आहे? इथले खनिज वर्षानुवर्षे बार्जमधून मांडवीने मुरगाव बंदरात गेले. मुलांनी आपल्या राज्यातून नदी काढली आहे, ती हेच बघून. त्या नदीवर त्यांनी धक्काही दाखवला आहे. मुले या मजकुराने हिरमुसली आहेत. तो पुढे पाठवला असेल, तर हा खुलासाही त्याच ग्रुपवर पाठवा.