चमचा, दहा सेकंदं आणि 'खरी आई'

आमच्या सांगलीतल्या बायकांच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा फिरत आला. "देव विशेष मूल विशेष आईच्याच पदरात घालतो. खऱ्या आईला समुपदेशन लागत नाही. थेरपी मुलाला द्या. आईची थेरपी म्हणजे पैसेवाल्यांचे चोचले." खाली जोडलेल्या हातांची रांग. माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे त्याचा स्नायूंवर नीट ताबा राहत नाही, म्हणून मला मुद्दाम टॅगही केलेलं.

'विशेष आई' हे कौतुक मला महागात पडतं. एकदा विशेष ठरले की चिडायची सोय राहत नाही. एका समुपदेशकाकडेही हेच ऐकलं होतं, "तुम्ही किती स्ट्राँग आहात!" फी देऊन परत आले, पुन्हा गेले नाही. म्हणजे वाईट थेरपी असते, हे मला मान्य आहे.

थेरपी मुलालाच द्यायची? बरं, जेवण घ्या. मऊ कालवलेला वरणभात, आणि चौथ्या घासाला तो चमचा दातांत घट्ट पकडतो. मुद्दाम नाही, जबडाच तसा आवळतो. ओढला की आणखी आवळतो, म्हणून तो आपोआप सैल होईपर्यंत थांबायचं. हे त्याच्या थेरपिस्टनं शिकवलं. पण त्या दहा सेकंदांत माझ्या डोक्यात जे उसळतं त्याचं काय? त्याचं काय करायचं हे मी डीबीटीत (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, भावना सांभाळायला शिकवणारी एक मानसोपचार पद्धत) शिकले: चमच्यावरची पकड सैल सोडायची, श्वास घ्यायला लागतो त्यापेक्षा सोडायला जास्त वेळ घ्यायचा, आणि मनात नाव घ्यायचं, "हा राग आहे. खाली भीती आहे." आता सांगा, ही थेरपी कुणाची झाली?

ही पद्धत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांची. ती आमच्यासारख्या आयांसाठी बनलेली नव्हे; वारंवार स्वतःला इजा करून घेणाऱ्या, आत्महत्येच्या टोकाला गेलेल्या बायकांसाठी होती. पहिली मोठी चाचणी १९९१ ची. तिचा गाभा मला पटला: आहे ते मान्य करायचं आणि बदलायचा प्रयत्नही सोडायचा नाही. मुलगा चालेल की नाही ठाऊक नाही, तरी रोजचा व्यायाम चुकवायचा नाही. हे दोन्ही एकाच मनात मावावं लागतं.

यातलं आणखी एक कौशल्य म्हणजे आधी घडलं काय ते तपासणं. गणपती मंदिरात एकीनं आपल्या पोरीचा हात ओढला. मला वाटलं, तिला माझ्या मुलाची किळस आली. दिसलं होतं एवढंच, की पोरीचा पाय व्हीलचेअरच्या चाकाजवळ होता. खरंच किळस असती तर राग रास्तच होता, तोंडावर बोलले असते.

थेरपीला गेलं की गोळ्या सुरू करतील म्हणता? मानसशास्त्रज्ञ गोळ्या लिहून देत नाहीत. लागल्याच तर मानसोपचारतज्ज्ञ देतात, बीपीच्या गोळीसारख्या.

चोचल्यांचं म्हणाल तर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी नंबर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. तिथे पूर्ण डीबीटी मिळेल असं नाही, पण रात्री दोनला कुणीतरी ऐकतं.

एक मात्र खरं, श्वास मोजल्यानं घरात कामाचे हात वाढत नाहीत. म्हणून मी ग्रुपवर लिहिलं, "मंगळवारी अकरा ते एक याला कोण सांभाळेल? मला मिरजेला सेशनला जायचंय." हात जोडणाऱ्या काकू गप्प. संध्याकाळी धाकट्या जावेचा मेसेज आला, "ताई, भात किती मऊ लागतो त्याला?"